घर, शाळा आणि मधली वाट



शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शाळा मोजतो, मुलांचा पट मोजतो आणि परीक्षेचे निकाल मोजतो. अमुक साली अमुक गावी मराठी शाळा निघाली, पुढे इंग्रजी वर्ग जोडले गेले, नंतर हायस्कूल झाले, एवढे सांगितले म्हणजे गावाच्या शिक्षणाची हकीकत पुरी झाली असे आपल्याला वाटते. पण घराचा उंबरठा आणि शाळेची पायरी ह्यांच्यामध्ये एक वाट असते. ती वाट मूल रोज दोनदा तुडवते. ह्या वाटेची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. घरचा हिशोब उंबरठ्यापाशी संपतो, शाळेचा हिशोब घंटा झाल्यावर सुरू होतो, आणि मधले अंतर मुलाच्या पायांवर व नशिबावर सोपविलेले असते.

आज आपण ह्या मधल्या वाटेचा इतिहास पाहू. पाहू म्हणजे काय, तर तिच्यावर पूर्वी कोणते धोके होते, ते कोणी व कसे दूर केले, आणि आज कोणते नवे धोके आले आहेत, ह्याचा विचार करू. विषय जुना आहे, पण मामला आजचा आहे, हे ध्यानात असू द्या.

प्रथम आपली भूमी पाहा. रत्नागिरी जिल्हा म्हणजे सपाट मैदान नव्हे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये कातळाचे सडे, डोंगरउतार व दऱ्या. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी ह्या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी खाड्या होऊन रुंदावतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. देशावरच्या गावासारखे आपले गाव एका ठिकाणी गोळा झालेले नसते. एक वाडी सड्यावर, दुसरी खाली आगरात, तिसरी पऱ्याच्या पलीकडे. कागदावर गाव एक असते, पायाखाली त्याची तीन गावे होतात. म्हणून "शाळा गावातच आहे" ह्या वाक्याचा आपल्याकडे फारसा अर्थ नसतो. शाळा कोणत्या वाडीत आहे, आणि मधला पऱ्या कोणत्या महिन्यात उतरता येतो, हा खरा प्रश्न.

जुन्या काळी पंतोजींची शाळा असे. ती एखाद्या देवळाच्या ओवरीत नाहीतर कोणा सुखवस्तू गृहस्थाच्या पडवीत भरे. धूळपाटी, मोडी अक्षर आणि पाढे एवढाच तिचा संसार. तिच्यात दोष पुष्कळ होते; पण तिच्यात येणाऱ्या मुलांची वाट आखूड होती, कारण शाळा त्यांच्या आळीतच असे. अर्थात ही सोय सर्वांना नव्हती. मुलींना त्या ओवरीत जागा नव्हती, आणि ज्यांना गावाबाहेर राहावयास लावले होते त्यांच्या मुलांना तर ओवरीची पायरीही चढता येत नव्हती. त्यांच्या दृष्टीने शाळा शंभर पावलांवर असली काय नि शंभर कोसांवर असली काय, सारखीच.

एकोणिसाव्या शतकात सरकारी मराठी शाळा आल्या. शिक्षणाला शिस्त आली, पुस्तके आली, परीक्षा आल्या. पण शाळा मोठ्या गावी, परीक्षा त्याहून मोठ्या गावी, आणि हायस्कूल तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी. म्हणजे ज्ञान वाढले तशी वाटही लांबली.

ह्या लांबलेल्या वाटेची सर्वांत प्रसिद्ध कथा महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांची आहे. १८५८ साली खेड तालुक्यातील शेरवलीस जन्मलेला हा मुलगा दापोली तालुक्यातील मुरुडचा. १८७५ साली सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. समुद्रमार्गे मुंबई गाठण्याचा बेत पावसाळी हवेमुळे फसला, तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला आणि सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पोहोचला. अंतर शंभर मैलांहून अधिक, आणि दिवस पावसाचे. एवढे करून तो परीक्षकांपुढे उभा राहिला, तर "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस" असे म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही! पुढल्या वर्षी कोल्हापूरला तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. ह्याच मुलाने पुढे विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, 'भारतरत्न' हा सन्मान स्वीकारला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट आपण वर्गात नेहमी सांगतो, आणि तिचे तात्पर्य चिकाटी असे काढतो. ते खरेच आहे. पण ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. एका परीक्षेसाठी कोवळ्या मुलांना भर पावसात घाट चढावा लागतो, ही व्यवस्था चांगली म्हणावयाची का? साताऱ्यास पोहोचलेल्या एका मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. जी मुले अर्ध्या वाटेतून परतली, ज्यांना घरच्यांनी पाठविलेच नाही, त्यांची नावे कोण सांगणार? वाटेमुळे शिक्षण सुटलेल्या मुलांची यादी कधी कोणी केली नाही. थोरांची चरित्रे वाचताना एवढे भान ठेवले पाहिजे की, चरित्र हे पोहोचलेल्यांचेच लिहिले जाते.

आणि वाट सर्वांना सारखी नव्हती, हेही विसरता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आपल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १९०१ साली ते लहान असताना साताऱ्याहून वडिलांना भेटावयास भाऊ आणि भाचे ह्यांच्यासह निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर घ्यावयास कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच बैल हाकावयाचे आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे, अशा अटीवर गाडी मिळाली. बरोबर खाण्याचे होते, पण प्यावयास पाणी कोणी देईना, म्हणून मुलांना उपाशीच रात्र काढावी लागली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती शाळेच्या वाटेची नसली तरी मुलांच्या वाटेची आहे. नदी, साप, पाऊस हे धोके सर्वांनाच भेटत. काही मुलांना माणसांचाही धोका भेटे, आणि तो तर निसर्गाने निर्माण केलेला नव्हता.

आता त्या जुन्या वाटेवरचे धोके एकेक पाहू.

पहिला धोका पाण्याचा. उन्हाळ्यात ज्या पऱ्यात घोटाही भिजत नाही, तोच पऱ्या आषाढात सड्यावर एक जोराची सर पडली की अर्ध्या तासात अंगावर येतो. आपल्या पूर्वजांनी ह्यावर काढलेला उपाय म्हणजे साकव. आधी पोफळीची किंवा माडाची दोन खोडे आडवी टाकून वर काठ्या बांधीत; पुढे लाकडी फळ्या, लोखंड आणि सिमेंट आले. मोठ्या पाण्याला तर असे, म्हणजे होडीने खाडी उतरावयाची. भरती-ओहोटी पाहून शाळेला निघणारी मुले खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या होती. तरीवाला हाच त्यांचा पहिला रक्षक. वारा वाढला की तो होडी सोडीत नसे, आणि त्याचा शब्द हेडमास्तरांच्या शब्दाइतकाच मानला जाई.

दुसरा धोका पायाखालचा. कातळावरून जाणाऱ्या वाटेवर फुरसे असते. हा साप लहान, मातीच्या रंगाचा, चटकन न दिसणारा, आणि आपल्या जिल्ह्यात फार. मागील शतकाच्या आधीच्या शतकात सरकारने फुरशामागे बक्षीस लावले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात ती लाखांच्या संख्येने मारली गेली, अशी नोंद आहे. विंचवाचाही तोच प्रकार. कोकणात विंचूदंशाने मुले दगावत असत. महाडच्या बाजूस काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. हे सांगण्याचे कारण एवढेच की, अनवाणी शाळेत जाणे ही काव्यात गोड वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात फार महाग पडत असे. मुलाच्या पायात वहाण असणे हा चैनीचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता.

तिसरा धोका अंतराचाच. दमलेले, भुकेलेले मूल वेळेवर पोहोचत नाही, अंधार पडता परतते, आणि शेवटी शाळा सोडते. साने गुरुजी पालगडचे. शिकावयास दापोलीस राहिले. त्यांच्यासारखी कितीतरी मुले नातलगांकडे राहून, वार लावून जेवून शिकली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यास वसतिगृह चालविले, त्याच्या मुळाशी हाच विचार होता की, मुलाला रोज शाळेपर्यंत नेता येत नसेल तर त्याला शाळेजवळ ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर उलट बाजूने काम सुरू झाले. मुलाने शाळेकडे जाण्याऐवजी शाळेनेच मुलाकडे यावे, असे धोरण ठरले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाला बळ दिले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि वाडीवाडीतून शाळा उघडू लागल्या. १९६६ साली कोठारी आयोगाने सांगितले की, प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून सुमारे मैलभराच्या आत असावी. ह्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपले कोल्हापूरकडचे. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि त्याखालील नियमांनी पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर ही मर्यादा घातली. त्या केंद्रीय नियमांत आपल्या फार उपयोगाचे एक कलम आहे. जेथे प्रदेश अवघड आहे, पूर येतो, दरड कोसळते, रस्ता नाही, किंवा घरापासून शाळेच्या वाटेवर लहान मुलांना धोका आहे, तेथे हे अंतर कमी करून शाळा अशा जागी ठेवावी की धोका टळेल, असे ते कलम सांगते. म्हणजे कायद्याने मधल्या वाटेकडे पाहिले!

इतके झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. पण इतिहास सरळ रेषेत चालत नसतो. शाळा जवळ येत होती, त्याच काळात वाटेवर एक नवा पाहुणा आला. तो म्हणजे मोटार.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि नंतरच्या वर्षांत ती कोकणच्या घाटावळणांत पोहोचली. तिने गावे जोडली, आजारी माणसे दवाखान्यात नेली, मुले हायस्कुलात पोहोचविली. एस.टी.चे उपकार कोकणी माणूस विसरणार नाही. आजही पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो, आणि त्या एका पासावर कितीतरी मुलींचे शिक्षण टिकून आहे. पण डांबरी रस्ता झाला तसा वेगही आला. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला. जी पायवाट, जी पाखाडी पूर्वी घराकडून थेट शाळेकडे जात होती, तिला मध्येच एक चारपदरी रस्ता आडवा आला. पूर्वी पऱ्या आडवा येई तो चार महिने. हा रस्ता बारा महिने आडवा असतो. पऱ्याला पूर आला की त्याचा आवाज ऐकू येतो, पाणी गढूळ होते, मूल सावध होते. वळणावरून येणारी गाडी मात्र दिसेपर्यंत अंगावर आलेली असते.

आकडे बोलके आहेत. २०२२ ह्या एका वर्षात भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. अठरा वर्षांखालील मुलांची संख्या साडेनऊ हजारांच्या घरात होती. म्हणजे रोज सरासरी सव्वीस मुले. एका छोट्या शाळेचा सबंध वर्ग रोज! जुन्या वाटेवर साप होता, पाणी होते. नव्या वाटेवर मोटार आली आहे.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. हॉलंड देश आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या वार्ताहराची मुलगी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. १९७२ साली त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला; त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, 'बालहत्या थांबवा'. त्यातून आईबापांची चळवळ उभी राहिली. त्यांनी मुलांना नुसते "जपून जा" असे सांगितले नाही. वस्तीतून जाणाऱ्या मोटारींचा वेग उतरवावा, सायकलींसाठी वेगळा मार्ग आखावा, शाळेभोवतीचा रस्ता मुलांचा मानावा, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली, आणि सरकारने ती हळूहळू मान्य केली. पुढील दशकांत तेथील बालमृत्यू कितीतरी पटींनी घटले. आणि मुले मात्र आजही सायकलनेच शाळेत जातात. इंग्लंडात १९५३ साली कायदा करून शाळेच्या वेळी रस्त्यावर उभे राहून गाड्या थांबविणाऱ्या माणसांना तो अधिकार देण्यात आला.

ह्यातून आपण काय घ्यावयाचे? "आपला देश गरीब, आपला जिल्हा डोंगराळ, आपल्याला हे कसे जमणार?" असे कोणी म्हणेल. पण त्या चळवळीचे सार पैशात नव्हते. दोष मुलाचा नाही, रस्त्याचा आहे, हे त्या लोकांनी प्रथम मान्य केले. आपल्याकडे मूल गाडीखाली आले की पहिला प्रश्न "ते मध्येच धावले कसे?" असा असतो. सहा वर्षांचे मूल धावणारच. त्याला येणाऱ्या गाडीचा वेग नीट अजमावता येत नाही, आवाज कोठून येतो हे चटकन कळत नाही, आणि त्याची उंची इतकी कमी असते की उभ्या गाडीआडचे त्याला काही दिसत नाही व गाडीवाल्यालाही ते दिसत नाही. म्हणून शहाणपण आधी मोठ्यांनी दाखविले पाहिजे.

आता सायकलीविषयी थोडेसे. आपल्या वडीलधाऱ्यांना ती सायकल आठवत असेल: पुढे दिवा, हँडलला घंटी, नगरपालिकेचा बिल्ला, आणि डबल सीट पकडले तर पोलिसाचा दंड! देशावर सायकल घरोघर पोहोचली. आपल्याकडे चढउतारांमुळे ती तितकी रुळली नाही. तथापि सायकलीचे सामर्थ्य कमी समजू नये. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलींच्या माध्यमिक शाळेतील प्रवेशात ३२ टक्के वाढ झाल्याचे दिसले. आणि ही वाढ मुख्यतः तीन किलोमीटरहून दूर शाळा असलेल्या गावांत होती. मुलीला बुद्धी नव्हती किंवा आईबापांना हौस नव्हती असे नाही. आड येत होती ती वाट. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. आपल्या गावांतूनही सड्यावरच्या सपाट रस्त्याने मुली सायकलने जातात, तेव्हा ती वाट राखणे आपले काम आहे.

दुसरीकडे, मोठ्या वर्गातील मुले वडिलांची मोटारसायकल घेऊन कॉलेजात येतात, आणि घरची मंडळी कौतुकाने पाहतात. हे कौतुक घातक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायदा असा झाला आहे की, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

मंडळी, आता सर्वांत कठीण मुद्द्याकडे वळू. कोकणातील तरुण मंडळी पोटासाठी मुंबईस गेली, गावे ओस पडली, वाडीतल्या शाळांचा पट घसरला. २०२३ साली राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांतील मुलांसाठी समूहशाळांचे प्रस्ताव मागविले. ह्या विचाराला काही आधार नाही असे मी म्हणणार नाही. सहा मुले, एक शिक्षक, खेळावयास सवंगडी नाही, ही स्थिती मुलाच्याही हिताची नव्हे. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल. पण शाळा लांब नेताना वाटेचा हिशोब कोणी केला का, हे विचारले पाहिजे. दोन शाळांतले अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. नकाशातल्या दोन किलोमीटरांत एक खाडी असू शकते, एक घाटी असू शकते, एक महामार्ग असू शकतो. गाडीची सोय करू, असे आश्वासन मिळाले तर ती गाडी जुलैमध्येही येईल काय, चालक रजेवर गेला तर काय, पाच आसनांच्या रिक्षात बारा मुले कोंबली जाणार नाहीत ना, हेही लेखी मागावे. एकोणिसाव्या शतकात वाट लांबली, विसाव्या शतकात आपण ती कष्टाने आखूड केली. एकविसाव्या शतकात ती पुन्हा लांबणार असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून लांबावी.

येथे मोठ्या पुलाची आणि लहान साकवाची तुलना करण्यासारखी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि जयगड व राजापूरकडून येणाऱ्या एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. सारा महाराष्ट्र हळहळला. राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी झाली, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणले तर काय होऊ शकते ह्याचे हे उदाहरण. पण वाडीचा साकव मोडला तर ती बातमी तालुक्याच्या पलीकडे जात नाही. ज्या साकवावरून दहा मुले जातात, त्या साकवाची तपासणी कोण करतो? ती करणारा कोणी परका येणार नाही. ती आपणच केली पाहिजे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. त्यांना फारसा खर्च नाही.

शिक्षकांनी जून महिन्यात वर्गात एक तास वाटेसाठी ठेवावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढावा, आणि ज्या ज्या ठिकाणी भीती वाटते तेथे खूण करावी. भूगोलाचा पाठही होईल आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीही कळतील. मोकाट कुत्री कोठे आहेत, शेवाळलेली पाखाडी कोणती, चिरेखाणीचे ट्रक कोणत्या वेळी सुटतात, हे मुलांना पक्के ठाऊक असते; आपण कधी विचारीत नाही. मग एके दिवशी त्या वाटेने मुलांबरोबर चालून पाहावे, आणि शक्यतो पाऊस असताना पाहावे.

साकवाच्या खांबावर तांबड्या रंगाची एक रेघ मारावी. पाणी त्या रेघेला लागले की कोणीही उतरावयाचे नाही, हा गावाचा नियम. गुडघाभर धावते पाणी मोठ्या माणसाचाही पाय उचलते, मग मुलाची काय कथा! अशा दिवशी न आलेल्या मुलाला शिक्षकांनी रागावू नये, आणि पाणी वाढण्याची चिन्हे दिसताच पलीकडच्या मुलांना वेळेवर सोडावे.

एका वाडीची मुले एकत्र चालावीत. मोठा मुलगा किंवा मुलगी पुढे, एक शेवटी. जेथे पदपथ नाही तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, एकामागून एक चालावे. छत्री तोंडासमोर धरू नये. एस.टी.तून उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नये. गाडी जाऊ द्यावी, रस्ता दोन्हीकडे दिसू द्यावा, मग ओलांडावा. सायकलवाल्या मुलांनी पावसात ब्रेक उशिरा लागतो हे लक्षात ठेवावे आणि उभ्या उतारावर खाली उतरून सायकल हाताने न्यावी. दप्तर हँडलला अडकवू नये.

पालकांनी आणि ग्रामपंचायतीने पुढचे पाऊल टाकावे. शिक्षणहक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीने मुलांचे नकाशे एकत्र करून त्यांतील सर्वांत धोक्याच्या तीन जागा निवडाव्यात आणि ग्रामसभेत ठराव मांडावा. एके ठिकाणी साकवाला कठडा, एके ठिकाणी रस्त्यावर गतिरोधक व फलक, एके ठिकाणी वाढलेली झुडपे तोडणे, एवढेच निघेल कदाचित. पण तीन जागा दरवर्षी सुधारल्या तर पाच वर्षांत पंधरा होतात. शाळा सुटण्याच्या वेळी गावातील एखादा निवृत्त गृहस्थ किंवा एखादी आजी महामार्गावर हातात लाल फडके घेऊन अर्धा तास उभी राहिली, तर तिने केलेले काम कोणत्याही देणगीपेक्षा कमी नव्हे.

काही जुने लोक म्हणतात, "आम्ही नाही का गेलो चार मैल चालत? काय झाले आम्हाला?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. चालल्याने अंग घडते, झाडे-पक्षी ओळखीचे होतात, सोबत्यांशी मैत्री होते. मूल पायी किंवा सायकलने शाळेत जाणे ही सोडून द्यावयाची गोष्ट नाहीच. ती टिकवावयाची आहे. परंतु "आम्हाला काय झाले" हे विचारणारे परत आलेले आहेत, हे त्यांनी विसरू नये. कष्ट आणि धोका ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कष्टाने मूल मोठे होते. धोक्याने ते कधी कधी मोठे होतच नाही.

इतिहासाचा अभ्यास आपण कशासाठी करतो? मागच्यांनी पऱ्यावर खोडे टाकली, पाखाड्या बांधल्या, वसतिगृहे काढली, वाडीवाडीत शाळा आणल्या. प्रत्येक पिढीने आपल्या काळातला धोका ओळखून त्यावर साकव घातला. आपल्या काळातला धोका चाकांवर बसून येतो, आणि त्यावरचा साकव आपण घालावयाचा आहे. शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या नावापुढे 'हजर' असे लिहिताना ते मूल कोणत्या वाटेने आले, आणि संध्याकाळी त्याच वाटेने घरी पोहोचले का, एवढे जरी आपण मनाशी विचारू लागलो, तरी त्या मधल्या वाटेचा कोणी वाली आहे असे म्हणता येईल.